निळ्या जॅकेटवरची पिवळी किनार हिरवट दिसते? माझा अनुभव

अमेरिकन यादवी युद्धातल्या (१८६१–६५) युनियन (उत्तरेच्या बाजूच्या) घोडदळाचे २८ मिमी मापाचे छोटे सैनिक-पुतळे रंगवताना गडद निळ्या जॅकेटवरची पिवळी किनार हिरवट, डागाळलेली दिसायची. पिवळ्याचे थर वाढवले, तर कॉलरचे उठाव बुजले. खाली पांढरा दिला, तर पिवळा फारच भडक झाला. अक्षरशः वैताग आला.

जमलं ते असं: निळा पूर्ण वाळू द्या. किनारीवर आधी यलो ऑकर (मातकट पिवळा), खालचा निळा झाकला जाईपर्यंत. तो वाळला की पातळ पिवळ्याचे दोन हात. ब्रशचं टोक न टेकवता ब्रशची कड फिरवा, रंग फक्त उठावावर बसतो. शेवटी बाहेर गेलेला पिवळा त्याच गडद निळ्याने कापत आणा. रेष खरी इथेच सरळ होते, घाई करू नका. तोफखान्याच्या लाल किनारीखाली विटकरी रंग चालतो.