मरणाची भीती आणि वैद्यकीय इच्छापत्र: माझा अनुभव

मरणापेक्षा नळ्या लावून पडून राहण्याची धास्ती मोठी होती. ती सुटली वैद्यकीय इच्छापत्राने, म्हणजे आपण बोलण्याच्या स्थितीत नसू तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाने.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. एक प्रत महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची.

चूक होते ती शब्दांत. ‘उगाच हाल नकोत’ एवढ्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय चालू करणं, नाकातली नळी, डायलिसिस, यातलं काय नको ते एकेक लिहा. वेदनाशामक औषध मात्र हवंच, हेही लिहा. ते राहून जातं. आपल्या वतीने बोलणारी दोन माणसं नेमा, एक गावाबाहेर असू शकतो.

कागद लॉकरमध्ये ठेवू नका, वेळेला किल्ली सापडत नाही. फायलीत, औषधांच्या चिठ्ठ्यांच्या वर ठेवा. आणि मुलांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा. सगळ्यात अवघड काम हेच, पण धास्ती नेमकी तिथेच उतरते.