मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम घरी शिकवताना बालकादंबरी कशी वापरावी

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यातच राहिला. ती घालमेल सहावी-सातवीतल्या मुलाला पाठ्यपुस्तकातून जाणवत नाही, गोष्टीतून जाणवते.

पुस्तक आधी स्वतः वाचा. तेव्हा कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, व्यवहारात हाली शिक्का, म्हणजे निजामाचं स्वतःचं चलन, असायचा. कथेत याचा मागमूस नसेल किंवा १९४८ मध्येच ‘लातूर जिल्हा’ आला असेल (तो झाला १९८२ ला), तर लेखकाचा अभ्यास कच्चा आहे. दुसरं पुस्तक शोधा.

रोज रात्री एकच प्रकरण, वीसेक मिनिटं, मोठ्याने वाचा. मध्येच थांबून माहिती सांगू नका, गोष्ट मरते.

भिंतीवर ६५ सेंटीमीटर दोरी लावा. महिन्याला ५ सेंटीमीटर. डावं टोक १५ ऑगस्ट १९४७, उजवं १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे मराठवाडा मुक्त झाला तो दिवस. साधारण १७ सेंटीमीटरवर निजाम आणि भारत सरकार यांच्यातला जैसे थे करार येतो, २९ नोव्हेंबरचा. १३ सप्टेंबरला सुरू झालेली भारतीय सैन्याची ‘पोलीस कारवाई’ शेवटच्या एका सेंटीमीटरातच मावते. बाकी सगळी दोरी लोकांनी काढलेल्या दिवसांची, हे मूल बोट फिरवून पाहतं.

वहीत दोन रकाने करा: ‘घडलेलं’ आणि ‘रचलेलं’. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ पहिल्यात, निरोप पोचवणारा कथेतला पोरगा दुसऱ्यात. मुलं रचलेलं म्हणजे खोटं समजतात. पोरगा कल्पनेतला असला, तरी सरहद्दीवरचे लढणाऱ्यांचे कॅम्प खरेच होते, हे तिथल्या तिथे सांगा.

सगळ्यात मोठी चूक रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या, प्रकरणात होते. मूल ‘रझाकार म्हणजे मुसलमान’ असं धरून बसतं. म्हणून त्याच रात्री शोएबुल्ला खान यांच्याबद्दल सांगा. ‘इमरोज’ या वर्तमानपत्राचे हे संपादक हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावं म्हणून लिहीत होते, ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. मूल चौदा-पंधराचं असेल, तर कारवाईनंतर निरपराध मुसलमानही मारले गेले, हेही लपवू नका.

पुस्तक संपल्यावरच पणजीकडे किंवा गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजोबांकडे जा. ‘रझाकार कसे होते?’ विचारलं की ऐकीव उत्तर येतं. ‘तेव्हा संध्याकाळी दार कधी लावायचे? धान्य कुठं ठेवायचे?’ असं विचारावं. उत्तर मुलाने त्यांच्याच शब्दांत ‘घडलेलं’खाली लिहावं, पुढे ‘पणजीने सांगितलं’ अशी नोंद करून.