आव्हिन्योंचा पोपचा राजवाडा बघताना या चुका टाळा

दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंचा पोपचा राजवाडा (14 व्या शतकात पोप रोमऐवजी इथे राहायचे) पहिल्यांदा बघितला की बरेच जण म्हणतात, हे कसलं गॉथिक, हा तर नुसता दगडी किल्ला. पहिली चूक इथेच होते. गॉथिक म्हणजे मध्ययुगीन युरोपातली टोकदार कमानींची बांधकामशैली, ती म्हटली की आपल्या डोळ्यापुढे सीएसएमटी नाहीतर पॅरिसचं नोत्र दाम येतं, रंगीत काचा आणि नक्षीच नक्षी, पण दक्षिणेकडचं गॉथिक वेगळं, भिंती जाड, खिडक्या मोजक्या, जे काय आहे ते आत. इथलं मोठं चॅपेल, म्हणजे प्रार्थनेचा हॉल, 52 मीटर लांब, 15 मीटर रुंद, साधारण 20 मीटर उंच आणि मधे एकसुद्धा खांब नाही, शिवाय ते वरच्या मजल्यावर आहे, त्याच्या खाली अजून एक प्रचंड हॉल! एवढ्या दगडी छताचा रेटा कुठे जातो ते बघायचं असेल तर बाहेर पेरोलरी नावाच्या गल्लीत जाऊन मान वर करा, अख्खी गल्ली ओलांडून चॅपेलच्या भिंतीला दिलेला दगडी टेकू दिसेल.

दुसरं म्हणजे ही एक इमारत नाही, दोन आहेत. 1335 पासून बाराव्या बेनेडिक्टने पिएर पुआसोंकडून जुना राजवाडा बांधून घेतला, हा पोप मूळचा सिस्टर्शियन मठातला साधू, त्यामुळे सगळं मठासारखं साधं. 1342 मध्ये सहावा क्लेमेंट आला, त्याला थाटमाट हवा होता, म्हणून जाँ द लूव्रने नवा भाग केला. मोठ्या अंगणात उभं राहिलं की उत्तर-पूर्वेला जुना, दक्षिण-पश्चिमेला नवा, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

दर्शनी भिंतीवरच्या उंच टोकदार कमानी शोभेच्या समजू नका. कमान आणि भिंत यांच्यामधे वर फट सोडलीय, भिंतीच्या बुडाशी शत्रू आला की तिच्यातून दगड टाकायचे. आपल्या किल्ल्यांच्या जंग्या, म्हणजे तटातून मारा करायची भोकं, बघितलेल्यांना हे लगेच कळेल.

स्वयंपाकघराची अष्टकोनी, वर निमुळती होत गेलेली चिमणी दाखवून 19 व्या शतकात लोकांना ही चक्क छळाची खोली म्हणून सांगायचे! ती चुलीचीच चिमणी आहे. आणि शेजारचं, वर मेरीचा सोनेरी पुतळा असलेलं चर्च राजवाड्यात धरू नका, ते 12 व्या शतकातलं रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या शैलीतलं आहे, पुतळा 1859 चा.

पण मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते लोक उघडा दगड बघून 'तेव्हा असंच रुक्ष असायचं' म्हणत निघून जातात याचं. तसं अजिबात नव्हतं. 1413 च्या आगीत मेजवानीच्या हॉलमधली चित्रं गेली, पुढे 1906 पर्यंत इथे सैन्याची बराक होती, भिंतींना चुना फासला गेला, सैनिकांनी चित्रांचे तुकडे कापून विकले. जे वाचलं ते घाईत बघू नका. हरणाच्या खोलीत 1343 ची चित्रं आहेत, तळ्यावर मासे धरणारे लोक, ससाणा घेतलेला शिकारी, मागे दाट झाडी, आणि ही पोपची अभ्यासाची खोली बरं का. शेजारी त्याची झोपायची खोली, निळ्या भिंतीभर वेली, वेलींवर पक्षी आणि खारी. तिथे खिडकीपाशी जाऊन भिंतीच्या जाडीत आत वाकून बघा, बाजूंवर पक्ष्यांचे पिंजरे रंगवलेत, खोलीच्या मधे उभं राहून ते दिसत नाहीत.