ख्मेर शास्त्रीय नृत्य पाहताना त्यातला इतिहास कसा ओळखाल?

हे नृत्य अंगकोरच्या, म्हणजे जुन्या ख्मेर साम्राज्याच्या काळापासून जसंच्या तसं चालत आलंय, असं कंबोडियात सर्रास ऐकायला मिळतं. त्यावर विसंबून पाहायला बसू नका. मंचावर वेगवेगळे काळ एकत्र नांदत असतात आणि ते वेगळे ओळखता येतात.

आधी दगड पाहा. अंगकोरमधल्या प्रेआ खान मंदिरात पूर्वेच्या दारानं शिरा, नर्तकींचं दालन त्याच बाजूला आहे. इथल्या ११९१च्या शिलालेखात हजार नर्तकींचा उल्लेख आहे, तर तिथल्याच ता प्रोम मंदिराच्या ११८६च्या लेखात ६१५. दारांवरच्या शिल्पपट्ट्यांत पायांकडे लक्ष द्या. दोन्ही गुडघे बाहेर फाकलेले, भरतनाट्यमच्या अर्धमंडळाच्या जवळ जाणारे. अंगकोर वाटच्या भिंतींवर स्थिर उभ्या असलेल्या स्त्रियांनाही लोक नर्तकी समजतात, पण त्या देवता आहेत.

कार्यक्रमाला समोरची, मधली जागा धरा. कडेला बसलं की मागे वळवलेली बोटं नीट दिसत नाहीत. आता पुन्हा पाय पाहा. गुडघा दुमडून मागे नेलेला पाय आणि वर वळलेला तळवा म्हणजे उड्डाण. पट्ट्यांतली ठेवण वेगळी होती, हे लगेच जाणवेल.

जरतारी, अंगावरच टाके घालून घट्ट बसवलेला वेश १९व्या शतकातल्या दरबाराची आठवण देतो. राजा आंग दुओंगनं त्या काळात नृत्याला नवी शिस्त लावली. ‘अप्सरा’ हे सर्वांत प्रसिद्ध नृत्य मात्र २०व्या शतकातलं. राणी सिसोवात कोस्सामक यांनी ते शिल्पांवरून रचून घेतलं आणि राजकन्या बुप्फा देवी त्यातली प्रमुख नर्तकी झाली. कार्यक्रमात फक्त तेच असेल, तर जुना दरबारी भाग तुम्ही पाहिलेलाच नाही. ‘मोनी मेखला’ (समुद्रदेवतेचं नृत्य) किंवा रामकेर, म्हणजे तिथलं रामायण, यातला प्रवेश आहे का, हे तिकीट काढण्याआधी विचारा.

पात्रं चार: नेआंग (स्त्री), नेआयरोंग (पुरुष), येआक (राक्षस) आणि स्वा (माकड). पुरुषाची भूमिकाही परंपरेनं स्त्रीच करते. माकडं मात्र २०व्या शतकाच्या मध्यापासून पुरुष करू लागले.

ख्मेर रूज या पोल पॉटच्या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत (१९७५–७९) बहुतेक गुरू आणि कलावंत मेले. उरलेल्यांनी आठवणीतून पुन्हा शिकवलं. म्हणून दोन संचांत हस्तमुद्रा थोडी वेगळी दिसली, तर तिला चूक ठरवायची घाई करू नका.

ध्वनिमुद्रित संगीतावरचा कार्यक्रम शक्यतो टाळा. पिनपिआत वाद्यवृंदातला सांफो हा ढोल लय सांभाळतो आणि बदलाचा इशारा देतो; वादक समोर असले, तरच ते नातं डोळ्यांनी पाहता येतं.