वॉटर्लूला जाण्याआधी

ब्रसेल्सला कामानिमित्त किंवा लेकीकडे जाणार असाल, तर एक अख्खा दिवस वॉटर्लूसाठी, म्हणजे नेपोलियनच्या शेवटच्या लढाईच्या रणांगणासाठी, काढून ठेवा. तयारी मात्र इथूनच करून निघा, कारण नुसते शेत बघायला एवढ्या लांब जायचे काही कारण नाही.

आधी तीन तारखा डोक्यात पक्क्या करा. ९ जून १८१५ला व्हिएन्ना परिषदेच्या अंतिम करारावर सह्या झाल्या, म्हणजे लढाईच्या नऊ दिवस आधीच युरोपची वाटणी उरकली होती. १६ जूनला नेपोलियनने लिन्यीला सेनापती ब्ल्यूशरच्या प्रशियन (जर्मन) फौजेला मागे रेटले. आणि १८ जून, रविवार, तो वॉटर्लूच्या लढाईचा दिवस.

जमल्यास जाण्याआधी भोकरदनजवळचे असई बघून या. मी हे आग्रहाने सांगतो. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन तोच, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. समोरासमोर दोन गावे दिसतात म्हणजे मध्ये नदीला उतार असणारच, एवढ्या अंदाजावर त्याने केळणा ओलांडली. शिंद्यांची कवायती पलटण पोहलमन नावाच्या हॅनोव्हरच्या (जर्मनीतल्या) माणसाच्या हाताखाली होती. पुढे वॉटर्लूला हॅनोव्हरचेच सैनिक वेलिंग्टनच्या बाजूने लढले! असईची जमीन पायाखालून गेली असेल, तर हा गडी आधी जमीन वाचतो हे तिकडे लगेच उमगते.

प्रवासात एकच खबरदारी घ्या: वॉटर्लू स्टेशनला उतरून रणांगण शोधू नका. ते गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर आहे. ब्रेन-लालो स्टेशन जवळ पडते, तिथून पुढे बस किंवा पायी. वॉटर्लू गावातल्या एका सरायीत वेलिंग्टनचा मुक्काम होता आणि विजयाचा खलिता त्याने तिथूनच लिहिला, म्हणून लढाईला त्या गावाचे नाव चिकटले. त्या सरायीत आता संग्रहालय आहे. ते शेवटी ठेवा.

बूट चांगले जाड तळव्याचे घ्या, आणि जूनमध्येसुद्धा विंडचीटर. १७ तारखेच्या रात्री इथे धो धो पाऊस पडला होता. जमीन जरा वाळू दे म्हणून नेपोलियन सकाळी थांबला आणि लढाईला तोंड लागायला साडेअकराच्या सुमाराची वेळ झाली. चिखलात तोफगोळे उसळत नाहीत, रुतून बसतात. त्या गेलेल्या तासांचा फायदा वेलिंग्टनच्या मदतीला येणाऱ्या प्रशियनांना झाला. ते दुपारी उशिरा नेपोलियनच्या उजवीकडून येऊन धडकले.

रणांगणावर स्मारक म्हणून उभारलेल्या सिंहाच्या टेकाडाला २२६ पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर पट्टा बांधा, पण चढा. हे टेकाड १८२६ साली पुरे झाले आणि त्यासाठी लागलेली माती रणांगणावरूनच उचलली. त्यामुळे ज्या उंचवट्याआड वेलिंग्टनने आपले पायदळ झोपवून ठेवले होते, तो तिथे बराच खरवडला गेला आहे. वरून दिसते ते १८१५चे शिवार नव्हे, हे ध्यानात ठेवूनच बघा. पायथ्याशी ११० मीटर लांबीचे गोलाकार चित्र आहे, १९१२ सालचे. अर्धा तास पुरे.

जास्त वेळ ऊगूमोंला द्या. वेलिंग्टनच्या सैनिकांनी धरून ठेवलेला, भिंतींनी वेढलेला हा शेतवाडा म्हणजे आपल्याकडची गढीच. फ्रेंचांनी उत्तरेचा दरवाजा फोडला, तीसेक जण आत घुसले. ब्रिटिश अधिकारी मॅक्डॉनेल आणि त्याच्या मूठभर सोबत्यांनी खांदे लावून तो पुन्हा बंद केला आणि आत अडकलेल्यांना कापून काढले. त्या दरवाजापाशी उभे राहून दोन्ही हात पसरून बघा, म्हणजे लढाई किती अरुंद जागेत झाली ते कळेल. रणांगणावरचा दुसरा शेतवाडा, ला ए सँत, खाजगी मालकीचा आहे, रस्त्यावरूनच बघावा लागतो.

खाण्याचा डबा बरोबर असू द्या, पाणीही. आणि परतीच्या गाडीची वेळ जातानाच बघून ठेवा.