जाहिरात आणि म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण करताय? या चुका टाळा

एक जाहिरात किंवा एक म्युझिक व्हिडिओ निवडा, त्याची माध्यमभाषा, म्हणजे शॉट, आवाज, रंग यांतून अर्थ कसा पोहोचवला जातो ते, तपासा आणि त्यात माणसांचं चित्रण कसं केलंय ते लिहा. मास कॉम किंवा बीएच्या विद्यार्थ्यांना असा प्रकल्प मिळतो. विषय सोपा वाटतो, कारण हे सगळं आपण रोज मोबाइलवर बघतो. पण रोजच्या सवयीमुळेच त्यातलं नेमकं काही डोळ्यांत भरत नाही, आणि मग पानं भरतात पण हाती काही लागत नाही. सोलापुरात बसून हे काम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे, कारण आपल्या शहरात या विषयाला लागणारा मालमसाला भरपूर आहे.

गोष्ट सांगून मोकळं होणं

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. समजा, तुम्ही चादरीची एक जाहिरात घेतलीत. पहाट आहे, खिडकीतून तिरपं ऊन येतंय, आजी झोपलेल्या नातवाच्या अंगावर चादर ओढते, मागे बासरी वाजते आणि शेवटी कंपनीचं नाव येतं. बहुतेकांच्या वहीत एवढंच उतरतं आणि खाली एक ओळ असते: ‘यातून मायेचा संदेश दिला आहे.’ तो संदेश जाहिरात बघणाऱ्या प्रत्येकाला कळलेलाच असतो. तो कशाच्या जोरावर पोहोचला, हे तुम्ही सांगायचंय.

त्यासाठी एकेक घटक बदलून बघा. आजीच्या जागी वडील ठेवा. माया तेवढीच वाटते का? कमी वाटत असेल, तर पांघरूण घालणं हे बाईचंच काम, ही समजूत जाहिरातीने न बोलता वापरली आहे. आता बासरी काढा आणि तिथे पॉवरलूमचा खटखटाट टाका. त्या आवाजासरशी ती चादर कुणीतरी पाळीवर उभं राहून विणलेली वस्तू होते. आपल्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला हा आवाज सांगावा लागत नाही, तो त्याच्या कानातच असतो. मग खरा प्रश्न सुचतो: सोलापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या चादरीच्या जाहिरातीत माग का ऐकू येत नाही, विणकर कुठे गेला?

तीच जाहिरात पॉज करत पुन्हा बघा. चादरीच्या नक्षीवर फोकस आहे आणि आजीचा फक्त हात दिसतोय, चेहरा नाही, असं एखाद्या शॉटमध्ये आढळेल. म्हणजे इथे त्या आजीला नाव-गाव नाही, तिथे कुठलीही आजी चालली असती. हे तुम्ही शॉटचा पुरावा देऊन लिहिलंत की विश्लेषण सुरू झालं.

रंगांचा ठरलेला अर्थ लावणं

लाल म्हणजे प्रेम किंवा धोका, पांढरा म्हणजे शोक, हिरवा म्हणजे निसर्ग. अशी यादी पाठ करून ती प्रत्येक फ्रेमवर चिकटवली जाते. आता जानेवारीतली गड्डा यात्रा आठवा. सिद्धेश्वरांचे नंदीध्वज पेलणारे मानकरी आणि त्यांच्यासोबत चालणारे हजारो भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात, आणि सोहळा असतो लग्नाचा, अक्षतांचा. या गर्दीवर चित्रित झालेल्या गाण्यात पांढऱ्याचा अर्थ शोक लावलात, तर सोलापूरचा कुठलाही माणूस तुम्हाला तिथेच थांबवेल. तोच पांढरा रंग एखाद्या विम्याच्या जाहिरातीत एकट्या बाईच्या साडीवर आला, तर अर्थ साफ बदलतो.

चिन्हांचा अभ्यास करणारे फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये एका फ्रेंच पास्त्याच्या जाहिरातीवर लिहिलं. जाळीच्या पिशवीतून बाहेर आलेले टोमॅटो, ढोबळी मिरची आणि मागचे रंग यांतून ‘हे इटलीचं आहे’ असा भाव फ्रेंच ग्राहकाच्या मनात तयार होतो, असं त्यांनी दाखवलं. हा भाव फ्रेंच माणसासाठी होता, खुद्द इटलीच्या माणसाला तो तसा जाणवला नसता, हेही त्यांनीच नोंदवलं. बार्थ यांचं नाव निबंधात टाकणारे पुष्कळ असतात. चिन्हाचा अर्थ बघणाऱ्यावर ठरतो, हा त्यांचा मुद्दा मात्र मागे पडतो.

बाई दिसली, म्हणजे चित्रण चांगलं

किती बायका आणि किती पुरुष दिसले, हे मोजणं ही सुरुवात आहे. त्यापुढे जाऊन कोण बोलतं, कोण नुसतं ऐकतं, निर्णय कोण घेतं, हे बघायचं. कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत पूर्णवेळ बाई दिसते, पण खात्रीची शेवटची ओळ कुणाच्या आवाजात आहे, ते डोळे मिटून ऐका.

हात बघायला विसरू नका. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९७० च्या दशकात छापील जाहिराती तपासताना हे दाखवलं, की पुरुषाचा हात वस्तू धरतो आणि वापरतो, तर बाईची बोटं तिच्यावरून हलकेच फिरतात. ही नोंद जुनी आहे, परदेशी आहे, तेव्हा ती जशीच्या तशी उचलू नका. नवी पेठेतून चालत जा आणि साड्यांच्या, दागिन्यांच्या दुकानांवरचे फलक बघा. मॉडेलच्या हातात काही काम आहे का? नजर कॅमेऱ्याकडे आहे की खाली? शरीराचा तोल दोन्ही पायांवर आहे की ती कशाला तरी टेकलेली आहे? अशा पाचसहा फलकांच्या नोंदी तुमच्या निबंधाला कुठल्याही अवतरणापेक्षा जास्त वजन देतील.

आणि जे फलकावर नाहीच, त्याचं काय? घरात बसून विड्या वळणाऱ्या हजारो बायकांचं हे शहर आहे, विडी घरकुल नावाची वसाहत आहे इथे. मांडीवर सूप घेऊन पानं कापणारी बाई साबणाच्या, मोबाइलच्या, बँकेच्या जाहिरातीत ग्राहक म्हणून कितीदा दिसते? ती साबण घेते, रिचार्ज करते, बँकेत पैसे ठेवते. गैरहजेरीबद्दल लिहायला मुलं घाबरतात, कारण बोट दाखवायला शॉट नसतो. पण एकाच प्रकारच्या दहा जाहिराती शेजारी ठेवल्या, की गैरहजेरीही पुराव्यासारखी मांडता येते.

म्युझिक व्हिडिओत फक्त शब्द वाचणं

गाण्याचे बोल लिहून काढायचे आणि त्यांचाच अर्थ सांगायचा, ही कवितेच्या पेपरातली सवय इथे उपयोगी नाही. बोल एक सांगतात आणि चित्र दुसरं, असं सर्रास होतं. बोलांत नायिका स्वाभिमानी असते आणि कॅमेरा मात्र तिच्या कमरेवरून हलत नाही. पुढचं काम करा: गाण्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या, आवाज बंद करा, आणि प्रत्येक कटला, म्हणजे शॉट बदलेल तिथे, एक रेघ ओढा. रेघेपुढे लिहा: कोण दिसतंय, चेहरा दिसतो की नुसता शरीराचा भाग, कॅमेरा वरून आहे की खालून. मग आवाज सुरू करून बघा, कट ढोलकीच्या ठेक्यावर पडतात की शब्दांवर. ‘स्त्रीला वस्तू म्हणून दाखवलं आहे’ हे वाक्य या तक्त्यानंतरच लिहावं. तक्त्यात ते दिसलं नाही, तर लिहूच नये.

आणखी एक गोष्ट. म्युझिक व्हिडिओ स्वतःही एक जाहिरात असतो, गाण्याची आणि गायकाची. गायक किती वेळा थेट कॅमेऱ्यात बघतो, टोपी, गाडी, मोबाइल यांची नावं किती स्पष्ट दिसतात, हे नोंदवलं नाही तर अर्धं चित्र सुटतं.

डब केलेली जाहिरात मराठी समजणं

टीव्हीवर मराठीत ऐकू येणारी जाहिरात अनेकदा हिंदीत घडलेली असते. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, मराठी वाक्य अवघडून चालतं, घर आणि कपडे कुठल्याच गावाचे नसतात. अशा जाहिरातीवरून ‘मराठी कुटुंबाचं चित्रण’ असा निष्कर्ष काढला तर पायाच चुकतो. यूट्यूबवर तिची हिंदी आवृत्ती शोधा. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं इतकी आहेत की त्या भाषांतली आवृत्ती समजून सांगायला वर्गातलाच मित्र सापडेल. चारही ठिकाणी काय सारखं राहिलं आणि फक्त कुठले शब्द बदलले, यातून जाहिरात कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केली होती ते कळतं.

प्रेक्षकाला भोळा समजणं

‘अशा जाहिरातींमुळे लोक फसतात’ हे वाक्य जवळपास प्रत्येक निबंधाच्या शेवटी असतं. माध्यमांचे ब्रिटिश अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं, की प्रेक्षक संदेश जसाच्या तसा स्वीकारू शकतो, थोडा मानून थोडा नाकारू शकतो किंवा सरळ उलटा वाचू शकतो. तीच चादरीची जाहिरात मागावर काम केलेल्या आजोबांना दाखवा आणि हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला दाखवा. आजोबा बहुधा आधी कापडाची वीण बघतील. दोघं काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहा, त्यांची बोली सुधारू नका.

नियम आणि काळ न बघणं

हे थोडक्यात. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था ‘अ‍ॅस्की’ १९८५ पासून काम करते, आणि स्त्री-पुरुषांच्या साचेबद्ध चित्रणाबद्दल तिने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या नियमांनी आडवळणाने केलेल्या, म्हणजे सोडा किंवा वेलचीच्या नावाखाली दारू-तंबाखूसारखं दुसरंच काही विकणाऱ्या जाहिरातींवर बंदी घातली. ‘फेअर अँड लव्हली’चं नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. त्या वर्षाच्या आधीची आणि नंतरची जाहिरात शेजारी ठेवून बघितलीत, तर फक्त नाव बदललं की उजेड, मेकअप आणि कथाही बदलली, हे तुम्हीच ठरवू शकाल.

प्रकल्प देण्याआधी एक तपासणी नक्की करा. तीस सेकंदांची जाहिरात पुढे दहा सेकंदांची होते, आणि कापलेल्या वीस सेकंदांत अनेकदा घरातली कामवाली, शेजारीण किंवा दुकानदार गळून जातो. तुम्ही कुठली आवृत्ती बघितली, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे पहिल्या पानावर लिहा, आणि लांब आवृत्ती मिळत असेल तर त्यात कोण होतं तेही.