त्वचेवरील सेन्सरने कार्बन डायऑक्साइड मोजताना

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आता नागपुरात घरोघरी दिसते, परंतु ते रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी तेवढी सांगते. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला ऑक्सिजन सुरू असताना बोटावर 96 दिसत राहते आणि आत कार्बन डायऑक्साइड साचून रुग्णावर गुंगी चढत जाते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्वचेवर चिकटवायचा सेन्सर आहे. तो त्वचा सुमारे 42 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, त्यामुळे केशवाहिन्यांतील रक्तप्रवाह वाढतो आणि त्वचेतून झिरपणाऱ्या वायूवरून धमनीच्या रक्तातील त्या वायूच्या दाबाचा अंदाज येतो.

सेन्सर लावण्यापूर्वी यंत्राचे कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा अचूक यावा म्हणून होणारी जुळवणी, पूर्ण होऊ द्यावे. कॉलरबोनखालची केस नसलेली, सूज किंवा व्रण नसलेली जागा निवडून ती स्पिरिटने पुसावी आणि पूर्ण कोरडी होऊ द्यावी. चिकट रिंग दाबून बसवल्यावर तिच्यात जेलचे थेंब सोडून, बुडबुडा राहणार नाही अशा बेताने सेन्सर बसवावा. पहिली दहा-पंधरा मिनिटे आकडा स्थिर नसतो. तो नोंदवू नये.

आपल्याकडे खरी अडचण मे महिन्यातील घामाची आहे. वडिलांना घरी बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) लावलेले असताना एका दुपारी 52 मिमी पाऱ्यावरचा कार्बन डायऑक्साइड पाहता पाहता 9 वर उतरला आणि त्याच सेन्सरवर दिसणारा ऑक्सिजनचा दाब 150 कडे चढला, तेव्हा मी घाबरून गेलो. वडील मात्र व्यवस्थित बोलत होते. रिंगची कड घामाने केसभर सुटली होती आणि सेन्सर खोलीतील हवा मोजत होता. असे दोन्ही आकडे एकदम उलट दिशांना पळाले, तर आधी रुग्णाकडे आणि मग रिंगकडे पाहावे.

उबेमुळे त्वचा भाजू शकते, म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळेनंतर जागा बदलावीच. नवजात बाळाची त्वचा अतिशय नाजूक असल्याने तेथे तापमान कमी ठेवतात आणि जागा अधिक लवकर बदलतात. जुन्या जागी उमटलेला लाल गोल काही तासांत मावळतो. फोड दिसल्यास सेन्सर काढून डॉक्टरांना कळवावे.

निरोगी माणसात कार्बन डायऑक्साइडचा हा दाब 35 ते 45 मिमी पारा असतो. एका सुट्या आकड्यापेक्षा रात्रभरचा चढउतार महत्त्वाचा मानावा, आणि एबीजीसाठी (धमनीच्या रक्तातील वायूंच्या तपासणीसाठी) रक्त काढले जाईल त्याच मिनिटाचा मॉनिटरवरील आकडा वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावा.